बालसंगोपनचा अर्ज: तालुका, जिल्हा, समिती आणि बँक

जुलैच्या शेवटी दोन्ही मुलांचं बालसंगोपनचं नूतनीकरण झालं, तेव्हा ठरवलं की आता हे सगळं एकदा लिहून काढायचं. दुकानात, एसटीत, शाळेच्या फाटकाशी बायका विचारतात, "तुमचं झालं म्हणे, कसं केलंत?" उभ्या उभ्या सांगताना निम्मं राहून जातं. म्हणून जसं घडलं तसं क्रमाने लिहिते. जिल्ह्याचं किंवा कुठल्या ऑफिसचं नाव घालत नाही, कारण दरवर्षी मला तिथेच जायचंय.

आधी योजना काय ते सांगते. पूर्ण नाव क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. महिला व बाल विकास विभागाची. आई किंवा वडील किंवा दोघंही नसलेली मुलं, घटस्फोट झालेल्या किंवा नवऱ्याने टाकलेल्या बाईची मुलं, आईबापांपैकी कोणी गंभीर आजाराने अंथरुणाला खिळलंय किंवा तुरुंगात आहे अशी मुलं. यांना संस्थेत न पाठवता घरातच, नात्यातच वाढवता यावं म्हणून सरकार महिन्याला पैसे देतं. मूल 18 वर्षांचं होईपर्यंत. पूर्वी 425 रुपये मिळायचे, 2021 मध्ये 1,100 झाले आणि 2023 पासून 2,250 आहेत. आमच्याकडे अजूनही बऱ्याच जणांना वाटतं की ही योजना फक्त कोरोनात गेलेल्यांच्या मुलांसाठी होती. तसं काही नाही. माझे मिस्टर किडनीच्या आजाराने गेले.

ते फेब्रुवारी 2023 मध्ये गेले. छोटा हत्ती चालवायचे. आजारपणात डायलिसिस महात्मा फुले योजनेतून झालं, पण बाकीची औषधं, येणंजाणं, पथ्याचं खाणं यात आधी अंगावरचं सोनं गेलं आणि मग गाडी गेली. मी तालुक्याला औषधांच्या होलसेल दुकानात बिलिंग करते, तेव्हा पगार सात हजार होता. घरात मी, थोरली, धाकटा आणि आमच्या आत्या, म्हणजे सासूबाई. थोरली तेव्हा अकरा वर्षांची, धाकटा सातचा.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर धाकट्याच्या वर्गशिक्षिका बाईंनी मला थांबवून घेतलं. म्हणाल्या, "ताई, पंचायत समितीत जा, बालसंगोपनचा फॉर्म घ्या. मागच्या वर्षी आपल्या शाळेतल्या एकाचं झालंय." एवढंच. त्या बोलल्या नसत्या तर मला आजही माहीत नसतं. नवरा गेल्यापासून तोवर मी मृत्यूचा दाखला, बँक, गाडीचे कागद, रेशन कार्डावरून नाव कमी करणं, अशा कारणांनी इतक्या खिडक्यांशी उभी राहिले होते, आणि एकाही खिडकीतून कोणी म्हणालं नाही की बाई, तुमच्या मुलांसाठी असं काही आहे. मृत्यूचा दाखला देणाऱ्यानेच त्याला एक चिठ्ठी जोडली तर किती जणींचं काम होईल, असं मला नेहमी वाटतं.

आमच्या तालुक्याला पंचायत समितीच्या आवारात, मागच्या बाजूला बालविकास प्रकल्पाचं ऑफिस आहे. तिथेच संरक्षण अधिकारी बसतात. मी गेले त्या दिवशी मॅडम जाग्यावर होत्या, हे नशीब. पुढे कळलं की त्यांच्याकडे दोन तालुक्यांचा चार्ज आहे. तेव्हा जाण्याआधी फोन करून विचारा. त्यांनी फॉर्म दिला, कागदांची यादी दिली आणि बसवून नीट समजावलंही.

त्यातलं एक इथे सांगायलाच हवं, कारण त्यावरून मी आजही चिडते. केंद्राचं मिशन वात्सल्य आहे, त्यात प्रायोजकत्व म्हणून मुलाला महिना 4,000 रुपये मिळतात. दोन्हीचा लाभ एकदम मिळत नाही. मी साहजिकच विचारलं, मग चार हजारांचंच करू या की. मॅडमनी माझा पगार विचारला, कॅल्क्युलेटरवर बाराने गुणला आणि आकडा माझ्याकडे फिरवला: 84,000. ग्रामीण भागासाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 72,000, शहरात 96,000. म्हणजे हाच पगार घेऊन मी शहरात खोली करून राहत असते तर बसले असते, गावात सासूजवळ राहते म्हणून बसत नाही. संजय गांधी निराधारचंही तसंच. तिथे मर्यादा वर्षाला 21,000 आहे. महिन्याचे पावणेदोन हजार. एवढ्यात जगणारं माणूस सेतूपर्यंत एसटीने जाणार कसं, हे ती मर्यादा ठरवणाऱ्यालाच ठाऊक. राहिलं बालसंगोपन.

आता कागद. दोन्ही मुलांचा अर्ज वेगवेगळा, त्यामुळे सगळ्याच्या दोन प्रती, आणि शहाणपण म्हणून तिसरी आपल्याजवळ. मुलांची आणि माझी आधार कार्डं, शाळेचं बोनाफाईड, वडिलांचा मृत्यूचा दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला, रेशन कार्ड, बँकेचं पासबुक, पासपोर्ट फोटो, आणि घरासमोर उभं राहून काढलेला पालक आणि मुलाचा पोस्टकार्ड साइजचा फोटो. बोनाफाईड आणि रहिवासी दाखला एका दिवसात मिळाले. बाकीच्यांनी वेळ खाल्ला.

मृत्यूची नोंद जिथे माणूस जातो तिथे होते, राहत्या गावात नाही. आमच्या ग्रामपंचायतीकडे काहीच नव्हतं, शहरातल्या दवाखान्यात गेले म्हणून दाखला तिथल्या महापालिकेचा. तो होता माझ्याकडे, पण त्यावर नाव 'दत्ता' आणि आधारवर 'दत्तात्रय'. दवाखान्यात भरती करताना माझ्या दिरांनी तोंडी सांगितलेलं नाव तसंच्या तसं खाली उतरत आलं होतं. मॅडम म्हणाल्या, पुढे बालकल्याण समितीपुढे, म्हणजे जिथून आदेश निघतो तिथे, अडेल, आत्ताच दुरुस्त करून घ्या. मग दवाखान्याचं पत्र, आधार, प्रतिज्ञापत्र, महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात अर्ज. जवळपास महिना गेला. भाऊजींनी मनाला लावून घेतलं आणि दर आठवड्याला तेच चौकशीला जात राहिले. तुमच्या घरात कोणी दवाखान्यात भरती असेल तर केसपेपरवरचं नाव आधारप्रमाणे आहे ना, एवढं कोणाला तरी बघायला सांगा. त्या वेळी असलं काही सुचत नाही, मला माहीत आहे.

उत्पन्नाचा दाखला महा ई-सेवा केंद्रातून काढला. तलाठ्यांचा अहवाल, स्वयंघोषणापत्र, दुकानाच्या मालकांचं पगाराचं पत्र. सरकारी फी तेव्हा 33 रुपये 60 पैसे होती, केंद्रवाल्याने शंभर घेतले. पावती मागितली तर म्हणाला, "मागा ना ताई, पण मग स्कॅनिंगचे वेगळे लागतील." शंभर दिले. लक्षात ठेवायचं ते असं की एक वर्षाच्या उत्पन्नाचा दाखला 31 मार्चपर्यंतच चालतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये अर्जाला लागणार असाल तर नव्या आर्थिक वर्षात तो पुन्हा काढायची तयारी ठेवा.

फोटोची गंमत सांगते. प्रत्येक मुलाचा वेगळा फोटो लागतो, मागे घर दिसलं पाहिजे. गावातला फोटो स्टुडिओवाला मुलगा गाडीवर आला. आत्यांनी सकाळी उठून ओटा धुतला, दारावरची फाटकी तारेची जाळी काढून आत ठेवली आणि माझं ठेवणीतलं लुगडं काढून ठेवलं. मी म्हटलं, "आत्या, अहो गरिबी दाखवायचीय, श्रीमंती नाही." तर म्हणाल्या, "गरीब हाय म्हनून पारोसं ऱ्हायचं व्हय?" मग मी इस्त्रीचीच साडी नेसले. थोरलीचा फोटो झाला. धाकट्याच्या वेळी तो म्हणे, ताई पाहिजे शेजारी. ताई बाजूला गेली की हा रडायला लागायचा. शेवटी थोरली फोटोवाल्याच्या पाठीमागे उभी राहून वेडावायला लागली तेव्हा कुठे एक बरा आला. फाइलमधल्या त्या फोटोत तो खदाखदा हसतोय. समितीतल्या एका मॅडमनी पुढे तो बघून विचारलंही, "हाच का तो?"

बँकेत मुलांच्या नावावर, पालक म्हणून माझं नाव जोडून, शून्य शिलकीची खाती उघडली. धाकट्याचं आधार तो तीन वर्षांचा असताना काढलेलं. पाच वर्षांनंतर बोटांचे ठसे आणि डोळ्यांचं स्कॅनिंग नव्याने द्यावं लागतं, ते राहिलं होतं. आधार केंद्रात जाऊन आधी ते केलं, मग खातं. ज्यांची मुलं लहान आहेत त्यांनी हे आधी तपासावं, नाहीतर सगळी फाइल तयार आणि एका अंगठ्यापायी अडकलेली, असं होतं.

एक माणूस पंचायत समितीबाहेर झेरॉक्सच्या दुकानाशी बसलेला असतो. त्याने मला दोनदा गाठलं. मुलामागे दीड हजार, "वरपर्यंत ओळख आहे, पुढच्या महिन्यात पैसे चालू". फॉर्म फुकट आहे, भरायला अवघड नाही, आणि समितीपुढे मुलांना घेऊन तुम्हालाच जावं लागतं. तिथे त्याची ओळख काय करणार? काही जिल्ह्यांत स्वयंसेवी संस्थांमार्फतही ही योजना चालते आणि त्या संस्थांना मुलामागे सरकारकडून वेगळे पैसे मिळतात. तेव्हा संस्थेकडून अर्ज केला तरी तुमच्या खिशातून काही जायचं कारण नाही.

24 ऑगस्ट 2023 ला फाइल दिली. पोच मागा. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या, क्लार्कचं तोंड वाकडं झालं तरी घ्या.

त्यानंतर गणपती झाले, दसरा झाला, दिवाळी झाली. मी अधूनमधून फोन करायचे, "जिल्ह्याला पाठवलंय" असं उत्तर यायचं. आत्यांना एव्हाना शेजारणींनी भरवून दिलं होतं की सरकारी पैसे घेतले की मुलांवर सरकारचा हक्क लागतो, पुढे ते आश्रमात नेतात. एका रात्री भाकरी थापताना त्या एकदम म्हणाल्या, "पोरं सरकारजमा करतीस व्हय गं?" मी समजावलं, पण माझ्याही पोटात गोळा आलाच. कोणी नीट सांगितलेलं नसलं की माणूस ऐकीव गोष्टींवरच चालतो.

28 नोव्हेंबरला गृहचौकशीला एक सामाजिक कार्यकर्त्या आल्या. आदल्या दिवशी फोन आला होता. स्कूटीवरून आल्या, चप्पल बाहेर काढून आत आल्या, पाणी घेतलं, चहाला नको म्हणाल्या. घर स्वतःचं का, संडास आहे का, मुलं रोज शाळेत जातात का, घरात कोणाला दारूचं व्यसन आहे का, मी कामावर गेल्यावर मुलांकडे कोण बघतं, असे प्रश्न. थोरलीची वही मागून बघितली. मग मला म्हणाल्या, तुम्ही जरा बाहेर थांबा, मला आजींशी बोलायचंय. आत काय बोलणं झालं ते मला आजवर कळलेलं नाही, पण त्या गेल्यावर आत्या म्हणाल्या, "बाई चांगली हाय. पोरं न्ह्यायची न्हाईत म्हनली." आश्रमाचा विषय त्या दिवसापासून संपला. शेजारच्या दोन घरीही त्या जाऊन आल्या. लोकांना वाटतं अधिकारी येणार म्हणून घरातला टीव्ही, फ्रिज लपवावा. आमचा जुना टीव्ही होता तिथेच होता, त्यावरून काही झालं नाही.

बालकल्याण समितीची तारीख मिळाली 13 फेब्रुवारी 2024, सकाळी अकरा. मुलं बरोबर हवीतच. जिल्ह्याचं ठिकाण आमच्यापासून दीड तासावर. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहेच, मुलांनाही अर्धं, त्यामुळे कंडक्टर म्हणाला, "तीन माणसं आणि दीड तिकीट!" बसभाडं काहीच नाही असं म्हणा, खरा खर्च खाड्याचा. मालकांनी त्या महिन्यात दोन खाडे कापले आणि तिसरा सोडून दिला, त्याबद्दल त्यांचे उपकार.

समितीचं ऑफिस मुलांच्या निरीक्षणगृहाच्या आवारात आहे. बऱ्याच जिल्ह्यांत असंच असतं म्हणे. मोठं लोखंडी फाटक, आत चौकीदार, रजिस्टरमध्ये नाव लिहायचं. थोरलीने फाटकावरची पाटी वाचली, निरीक्षणगृह व बालगृह, आणि तिथेच थांबली. काही बोलेना. मी हात ओढला तर हात सोडवून घेतला. मग हळूच म्हणाली, "आम्हाला इथं ठेवायचंय का?" मला वाटलं होतं ती मोठी आहे, तिला सगळं सांगितलंय, तिला कळलंय. तिला कळलं होतं ते आत्यांच्या तोंडून ऐकलेलं. फाटकाजवळच्या पायरीवर बसून मी तिला पहिल्यापासून परत सांगितलं. चौकीदार काका ऐकत होते, तेच मध्ये म्हणाले, "अगं, इथं ठेवायची पोरं वेगळी. तुमचं साहेबांना तोंड दाखवायचं आणि जेवायला घरी." तेव्हा ती उठली. तुम्ही मुलांना नेणार असाल तर ती जागा कशी आहे, फाटकावर काय लिहिलेलं असेल, आत काय होणार आणि संध्याकाळच्या गाडीने आपण घरी येणार, हे आदल्या दिवशीच सांगून ठेवा. सात वर्षांच्या मुलालाही सांगा.

आत बाकड्यांवर आमच्यासारख्या पुष्कळ जणी होत्या. एक आजोबा दोन नातवंडांना घेऊन आलेले, आई-बाप दोघंही नाहीत. एका बाईचा नवरा सोडून गेलेला, तिच्याकडे त्याचा काहीच कागद नाही, ती तिसऱ्यांदा आलेली. दुपारी दोनला आमचा पुकारा झाला. जेवणाचा डबा नेला होता ते बरं झालं, आसपास हॉटेल नाही.

बालन्याय कायदा 2015 चा. त्याप्रमाणे समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात आणि त्यांना न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. ऐकून मी घाबरले होते, पण खोलीत साधं टेबल होतं, तिघं जण बसलेले. वकील-बिकील काही नाही. फाइल चाळली. मृत्यूच्या दाखल्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव बोट ठेवून जुळवलं, तेव्हा मनातल्या मनात मी भाऊजींना हात जोडले. मग माझ्याशी बोलायच्या आधी ते मुलांशी बोलले. धाकट्याला विचारलं, शाळेत काय आवडतं. म्हणाला, "खिचडी." सगळे हसले. थोरलीला विचारलं, कोणाजवळ राहायचंय. ती म्हणाली, "आईजवळ आणि आजीजवळ," आणि जरा थांबून, "घरी." मला विचारलं की दुसरं लग्न करायचा विचार आहे का. हा प्रश्न मला लागला. पण विचारणाऱ्या बाईंनीच पुढे सांगितलं की घरची परिस्थिती बदलली तर कळवावं लागतं, म्हणून विचारतो. तर मनाची तयारी ठेवून जा. पैसे मुलांच्या शिक्षणावर आणि खाण्यावर खर्च करीन, असं लिहून दिलं, सही केली. जेमतेम दहा मिनिटं लागली असतील.

12 मार्चला आदेशाची प्रत हातात आली, दोन मुलांचे दोन आदेश. वाटलं, झालं. चार दिवसांत लोकसभेची आचारसंहिता लागली. आमचा आदेश आधीचा होता, पण फोन केला की उत्तर एकच, माणसं इलेक्शन ड्यूटीला आहेत. निकाल 4 जूनला लागला, मग शाळा सुरू झाल्या, वह्या-पुस्तकांना मी पतसंस्थेतून पाच हजार काढले. आदेश ट्रंकेत होता.

जुलैमध्ये जिल्ह्याच्या ऑफिसातून फोन आला की मुलांची खाती आधारशी सीडिंग झालेली नाहीत. मी म्हटलं, खातं उघडताना आधार दिलंय की. ते म्हणाले, आधार दिलं म्हणजे सीडिंग झालं असं नाही, बँकेकडून वेगळा फॉर्म भरून थेट लाभासाठी ते खातं जोडून घ्या. आणि नेमका तेव्हा लाडकी बहीणचा हंगाम. बँकेच्या दारात सकाळी सातपासून बायकांची रांग, सगळ्यांचं तेच काम. मी स्वतःही त्याच रांगेतली, माझाही अर्ज होताच. कॅशियर दर दहा मिनिटांनी ओरडायचा, "लाडक्या बहिणी उजवीकडे!" मी विचारलं, "आणि लाडकी मुलं?" तो म्हणाला, "त्यांची रांग नाय ताई, त्यांचं शनिवारी या." शनिवारी दोन्ही फॉर्म भरले आणि दहा दिवसांनी जाऊन खात्री केली. खात्री केल्याशिवाय सोडू नका.

ऑगस्टच्या मध्याला, राखीपौर्णिमेच्या आधी, लाडकी बहीणचे दोन महिन्यांचे तीन हजार माझ्या खात्यात आले. अर्ज करून महिना-दीड महिनाच झाला होता. ते आले याचा आनंद आहे, आजही मिळतात, मी खोटं कशाला बोलू. मुलांचे पैसे त्यांच्या नावाचे असल्याने माझ्या बाबतीत एकामुळे दुसरं अडलं नाही. पण मुलांच्या अर्जाला तेव्हा वर्ष होत आलं होतं. एवढ्या झटपट पैसे पोचवता येतात हे त्या दिवशी मला कळलं, आणि हेही कळलं की बायकांना मत असतं, सात वर्षांच्या पोराला नसतं. समाजकल्याण, बालविकास, काय काय पाट्या आहेत, पण पैसा कोणाच्या दारात आधी पोचतो ते विधानसभा किती लांब आहे त्यावर ठरतं, असं माझं स्पष्ट मत झालंय.

27 सप्टेंबर 2024. मी बिलं काढत होते, मोबाईल दोनदा वाजला. दोन्ही मुलांच्या खात्यावर प्रत्येकी 13,500. मार्चपासूनचे सहा महिने. मालकांना सांगून दुपारी बँकेत गेले, पासबुकावर छापून घेतलं. मेसेजवर माझा विश्वास बसेना.

त्यातून पतसंस्थेचं फेडलं. दोघांना बूट घेतले, थोरलीला सायकल घेतली, कारण तिची हायस्कूलची शाळा तीन किलोमीटरवर आहे आणि रिक्षाचे महिना सहाशे जात होते. उरलेले खात्यात ठेवले. खर्चाच्या पावत्या मी एका पाकिटात ठेवते. आजवर कोणी मागितल्या नाहीत.

त्यानंतरचे पैसेही असेच टप्प्याटप्प्याने आले. फेब्रुवारी 2025 मध्ये चार महिन्यांचे 9,000, मग जूनपर्यंत काही नाही. विचारलं की म्हणतात, अनुदान आलं नाही. ऑफिसातल्या माणसांचा यात दोष नाही, वरून येईल तेव्हा तेही सोडतात. पण पुढच्या वेळी रक्कम वाढवायची कोणी घोषणा केली तर मला ती नको आहे. 2,250 च राहू द्या, पण महिन्याच्या महिन्याला द्या. पाच तारखेला येणाऱ्या सव्वादोन हजारांत मी दूध, ट्यूशन, सायकलचं पंक्चर सगळं बसवू शकते. सहा महिन्यांनी एकदम आलेले पैसे आधीचं देणं फेडण्यात जातात, आणि त्या देण्यावर व्याज लागलेलं असतं. पतसंस्था माझ्याकडून एका दिवसाचंही सोडत नाही. मागची थकबाकी देताना सरकार व्याज धरून देत नाही.

नूतनीकरण दरवर्षी करावं लागतं. आमच्याकडे शाळा सुरू झाल्यावर नवं बोनाफाईड, चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला, पासबुकाची झेरॉक्स आणि अर्ज एवढं लागलं. यंदा समितीपुढे बोलावलं नाही, तालुक्यालाच काम झालं. मुलाने शाळा बदलली, तुमचा पत्ता बदलला, तर लगेच लेखी कळवा, नाहीतर पैसे थांबतात आणि परत चालू करायला नव्या अर्जाइतकाच त्रास होतो. आमच्या वाडीतल्या एकीचे असेच थांबलेत, मुलगी आजोळी शाळेला घातली म्हणून. तिचा अर्ज मागच्या सोमवारी मीच लिहून दिला.

ज्यांना सुरुवात कुठून करायची कळत नाही त्यांनी आपल्या अंगणवाडी सेविकेला विचारावं, तालुक्याचं ऑफिस कुठे आहे ते तिला माहीत असतं. मूल अगदीच उघड्यावर पडलं असेल, कोणीच नसेल, तर 1098 ला फोन करा, तो नंबर फुकट आहे. जाताना कागदाच्या मूळ प्रती आणि झेरॉक्स वेगवेगळ्या पिशवीत ठेवा. मूळ कागद कोणाकडे ठेवून येऊ नका, "उद्या देतो" म्हणाले तरी. आणि आपल्या गावातून आणखी कोणी निघणार असेल तर एकाच दिवशी जा. समितीपुढच्या बाकड्यावर वेळ जाता जात नाही, आणि एकीने पाणी भरायला उठायचं तर दुसरीला पुकाऱ्याकडे कान ठेवता येतो.